डाव्या बाजूचा पहारा

त्या घरात कोणाच्या पाठीशी बोलायची पद्धत नव्हती. खाली पत्र्याच्या ट्रंकांचा कारखाना, वर राहतं घर, मध्ये फक्त फळ्यांची जमीन. सकाळी खाली पहिला हातोडा पडला की वर मांडणीतल्या कपबशा थरथरू लागत, दुपारच्या जेवणापुरत्या दम खात आणि पुन्हा दिवे लागेपर्यंत थरथरत राहत. अशा घरात नुसती हाक मारून काय उपयोग? ज्याला काही सांगायचं असेल त्यानं आधी समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, वळसा घालून पुढ्यात यायचं आणि तोंड चांगलं उघडून बोलायचं. निम्मं कानांनी ऐकायचं, निम्मं ओठांवरून उचलायचं. पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. एकदा नवा पोस्टमन अर्ध्या जिन्यातूनच मागे फिरला आणि खाली येऊन म्हणाला, "वरचं मिटलं की येतो."

कारखाना म्हणजे मालक आणि त्याचा थोरला मुलगा, बस. मालकाला सगळे पत्रेवाला म्हणत. त्याची बायको वरच्या गॅलरीत बसून ट्रंका रंगवायची, झाकणावर नाव घालायची, म्हणून ती रंगारीण. धाकटी मुलगी अंगानं बारीक, एका जागी बसेल तर शपथ. तिला लहानपणापासून मुंगी म्हणत. शाळा सुटली की मुंगीही खाली बसून कड्या-बिजागऱ्या ठोकायची. तिची जागा ठरलेली, खिडकीच्या उजेडात, पत्रा ठोकून दाबणाऱ्या विजेच्या प्रेसला डावं अंग करून.

गिऱ्हाइकं बहुतेक फौजेत भरती होणारी. गावाच्या टोकाला छावणी होती. काळी ट्रंक, तिच्यावर पांढरं नाव. मुलं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून हसत येत. आया जरा मागे उभ्या राहून कडी घट्ट बसते का ते पुन्हा पुन्हा बघत. एकदा एक बाई जुनीच ट्रंक घेऊन आली. "हे नाव पुसून धाकट्याचं घाला," म्हणाली. रंगारणीनं काही विचारलं नाही. नाव पुसलं, दुसरं घातलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

आता तिचीच मुंगी फौजेत निघाली होती. लेखी परीक्षा झाली, धावणं झालं, उंची थोडक्यात बसली. राहिली फक्त वैद्यकीय तपासणी. पत्रेवाल्यानं तर मुलीसाठी पत्रासुद्धा निवडून बाजूला ठेवला होता, जरा जाड, कुठं पोचा नसलेला. रंगारीण वरून धीराची होती. एकटी असली की मात्र त्या पत्र्यावरून उगाच हात फिरवून यायची.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात एक दिवस वीज गेली. प्रेस बंद पडला, म्हणून पत्रेवाला आणि थोरला हातगाडी घेऊन बाजारात पत्रा बघायला गेले. घर असं गप्प झालं की घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मुंगी खिडकीत पाठमोरी बसून बुटांना पॉलिश करत होती. चुलीवर दूध तापत होतं. रंगारणीचे दोन्ही हात रंगानं भरलेले.

"मुंगे, दूध बघ गं."

मुंगी बूट घासतच राहिली.

"अगं, उतू जाईल!"

मुंगी गुणगुणत होती. रंगारणीला रागच आला. फौजेत निघाली म्हणून आत्तापासूनच आईला जुमानत नाही की काय? एवढ्यात दूध वर आलं. पातेल्यावरचं झाकण खडखडलं, घसरून खाली फळ्यांवर पडलं आणि गोल गोल फिरत थांबलं. मुंगीच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

रंगारीण तशीच उठली. दूध उतू जात होतं ते जाऊ दिलं. मुलीच्या मागून ती उजव्या बाजूला गेली आणि अगदी हळू, श्वासावर बोलल्यासारखी म्हणाली, "मुंगे."

"काय गं? अय्या, दूध!" मुंगी उडी मारून उठली. "सांगायचं नाही का मला?"

त्या दिवसापासून रंगारणीला दुसरं काही सुचेना. इतकी वर्षं डोळ्यांपुढे असलेल्या गोष्टी एकेक करून अंगावर येऊ लागल्या. मुंगी फोन नेहमी उजव्या कानाला लावते. जेवायला भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात बसते, म्हणजे सगळे तिच्या उजवीकडे येतात. मैत्रिणीबरोबर चालताना हटकून तिला उजवीकडे घेते. दुसऱ्या कुठल्याही घरात हे पोरगी शाळेत जायच्या आधी कळलं असतं. आई हाका मारून थकली असती, बापानं एखादी लगावली असती, मग कोणीतरी दवाखान्यात नेलं असतं. इथं खांद्यावर हात ठेवल्याशिवाय कोणी बोलतच नाही. इथं चौघांपैकी कोण किती ऐकतो, हे देवालासुद्धा ठाऊक नसेल.

आणि मुंगीला तरी ठाऊक आहे का? विचारायला गेलं तर तपासणीच्या तोंडावर तिचं अवसान जाईल. न विचारावं तर जीव थाऱ्यावर नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

रविवारी रंगारणीचा मोठा भाऊ आणि वहिनी आली. भाऊ फौजेतून निवृत्त झालेला. उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून जिना एकेक पायरी करत चढतो, पण वर आल्यावर पाठ अशी ताठ की समोरच्यानंही सावरून बसावं. मुंगीचा तो मामा आणि मुंगीच्या डोक्यात हे खूळ भरणाराही तोच.

"काय म्हणते आमची फौज?" त्यानं बसता बसताच विचारलं. "तपासणीचं टेन्शन नाही ना? अगं, पाय सपाट नाहीत, डोळे चांगले, दात धड. तुला नापास करायला त्यांना कारण शोधावं लागेल."

रंगारीण चहा ओतत होती, कप भरला तरी ओतत राहिली.

"दाजी, तुम्हाला सांगतो," मामा पत्रेवाल्याकडे वळला, "घरातलं एक माणूस फौजेत गेलं की अख्खं घर मार्गी लागतं. पगार ठरलेल्या दिवशी. आजारी पडलात तर दवाखाना फुकट, तुम्हाला दोघांनासुद्धा. राहायला क्वार्टर. म्हातारपणी पेन्शन. आणि पोरगी चार मुलुख बघेल ते वेगळंच."

"मी तेच म्हणतो," पत्रेवाला म्हणाला. "मी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना ट्रंका करून दिल्या. या घरात पगार कसा दिसतो ते कोणाला माहीत आहे? इथं हातोडा चालला तर चूल चालली."

"आणि माणूस होतो माणूस!" मामानं मांडीवर थाप मारली. "मी काय होतो जायच्या आधी? मुंगे, विचार तुझ्या आईला. सकाळी दहाला उठणारा."

"आणि आता पहाटे चारला उठून अख्ख्या घराला उठवतात," वहिनी म्हणाली. "निवृत्त हे झाले, ड्यूटी मला लागली."

थोरला मोठ्यानं हसला. मामाही हसला, पण वहिनी थांबली नाही. ती शांतपणे बोलणारी बाई होती. टोमणासुद्धा सुपारी कातरल्यासारखा बारीक.

"सगळे फायदे सांगितलेत ना? मग हेही सांगा. मोठ्याच्या जन्माला तुम्ही नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही आलात, तोवर सगळं आवरलं होतं. मुलं तुम्हाला काका म्हणायला लागली होती. क्वार्टर मिळालं खरं, पण घर लावलं की बदली. भिंतीत खिळा ठोकायची मला अजून भीती वाटते. आणि घरी आलात तेव्हा हा गुडघा घेऊन आलात."

"गुडघ्याचं काय, तो काय दुकानात पण मोडला असता."

"दुकानात माणूस पाय घसरून पडतो. तुमच्यासारखा पडत नाही."

मुंगी मामाच्या समोर मांडी घालून बसली होती, नजर त्याच्या तोंडावर. ती सगळ्यांशी अशीच बोलायची, टक लावून. लोक म्हणत, काय लक्ष देऊन ऐकते पोरगी!

रंगारणीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊ, पहाऱ्यावर असताना नेमकं काय करतात रे? म्हणजे अंधारात दिसत तर नसणार."

"डोळ्यांचं काम दिवसा," मामा म्हणाला. त्याचा आवाज बदलला, थट्टा गेली. "अंधार पडला की फौज कानावर जगते. मी आज इथं चहा पितोय तो कशामुळं? एक खडा घरंगळला होता, एवढासा. डाव्या हाताच्या उतारावर. मला ऐकू आला. मी ओरडलो. मागे तंबूत अकरा जण झोपले होते."

"आणि ऐकू आलं नसतं तर?"

मामानं बहिणीकडे पाहिलं. "दुसऱ्या चौकीवर एकाला नाही आलं. कानटोपी दोन्ही कानांवर ओढून बसला होता, थंडी म्हणून. त्याला मी दोष देत नाही, पोरसवदा होता. पण मुंगे, हे ध्यानात ठेव. पहारेकऱ्याचा कान त्याच्या एकट्याचा नसतो. मागे झोपलेल्या सगळ्यांचा असतो."

"हो मामा," मुंगी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

रंगारीण कप उचलून आत गेली. वहिनी मागोमाग आली. नळ सोडून तिनं विचारलं, "काय झालंय? तुझा चेहरा पत्र्यासारखा पांढरा पडलाय."

आणि रंगारणीनं सांगितलं. दूध, झाकण, फोन, जेवायची जागा, सगळं. सांगता सांगता हात धुतलेलेच पुन्हा धूत राहिली.

वहिनीनं नळ बंद केला. मग म्हणाली, "मग तू कशाला जीव काढतेस? तपासणीला कान तपासतात. त्यांच्या हातून सुटायचं नाही. ते नाही म्हणतील, पोरगी चार दिवस रडेल, विषय संपला. तू सांगितलंस तर जन्मभर म्हणेल, आईनं माझा घास काढून घेतला. वाईटपणा डॉक्टरला घेऊ दे, त्याला त्याचाच पगार मिळतो."

रंगारणीला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. बुडणाऱ्याला फळी मिळाली तर ती कुठल्या झाडाची हे तो विचारत नाही.

तपासणीला ती मुंगीबरोबर गेली. लांबच लांब व्हरांडा, भिंतीला टेकवलेली बाकं, बाकांवर आया आणि बाप. दार उघडलं की सगळ्या माना एकदम वळत. एक मुलगी ओठ चावत बाहेर आली आणि बापाला म्हणाली, "वजन." बापानं खिशातून अर्धा केक काढला. "खा म्हणून सांगत होतो ना," म्हणाला आणि स्वतःच खायला लागला. दुसरी आली ती उड्या मारत.

शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमची कशात अडेल असं वाटतं?"

"काही सांगता येत नाही," रंगारीण म्हणाली.

काय मागावं हेच तिला कळत नव्हतं. नापास होऊ दे म्हणावं तर जीभ रेटत नव्हती. ही पोरगी पहाटे उठून धावली होती, उंची वाढावी म्हणून दाराच्या चौकटीला लोंबकळली होती. आणि नापास झाली तर जाणार कुठं? पुन्हा खाली, प्रेसजवळच्या त्याच जागेवर, उरलेला कानही त्याच ठोक्यांना द्यायला. पास होऊ दे म्हणावं, तर तो उतारावरचा खडा घरंगळायचा. डावीकडून.

दार उघडलं. मुंगी आली. चेहऱ्यावर काहीच नाही. जवळ येऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला, पुढ्यात आली आणि तोंड भरून म्हणाली, "पास!"

रंगारणीनं तिला जवळ घेतलं. लोकांना वाटलं, आनंदानं रडतेय बाई.

परतीच्या बसमध्ये मुंगीची बडबड थांबेना. डोळे कसे तपासले, पाय कसे जोडून उभं केलं, दात मोजणारा माणूस स्वतःच कसा बोळका होता. रंगारीण एकाच गोष्टीची वाट बघत होती. शेवटी तिनंच विचारलं, "आणि कान?"

"ते तर सगळ्यात सोपं! डॉक्टर आपल्या मागे लांब उभे राहतात. आपण एक कान हातानं दाबायचा आणि ते काहीतरी हळू बोलतात, ते आपण म्हणून दाखवायचं. मग दुसरा कान."

"दोन्ही बरोबर आलं?"

"उजवा कान दाबल्यावर ते इतकं हळू बोलले की काही ऐकूच येईना. कोणालाच नसतं आलं. पण समोर औषधांचं कपाट होतं ना, काचेचं! त्यात त्यांचं तोंड दिसत होतं." मुंगी हसली. "मला काय, आपल्या घरात सगळे तोंड बघूनच बोलतात. धडाधड सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कान भलतेच तिखट आहेत हो तुमचे! बाहेर रांग केवढी होती, त्यांना कुठं वेळ."

रंगारीण मुलीकडे बघत राहिली. त्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. पोरीनं कोणाला फसवलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की ऐकणं म्हणजे हेच.

घरी पोचेपर्यंत खबर पुढे गेली होती. थोरल्यानं कारखान्यात पत्र्यावर हातोडीनं बँड वाजवला. पत्रेवाल्यानं गल्लीभर चहा पाजला आणि त्याच संध्याकाळी तो जाड पत्रा कापायला घेतला. मामाचा फोन आला. तो एवढ्या मोठ्यानं बोलत होता की फोन नसता तरी चाललं असतं. सगळ्यांनी रंगारणीचं अभिनंदन केलं. फक्त वहिनीनं फोनवर विचारलं, "कान?"

"सुटला," रंगारीण म्हणाली.

दोघींच्या हिशोबात डॉक्टर असा चुकेल हे बसलंच नव्हतं. आता वाईटपणा घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

दोन दिवसांत ट्रंक तयार होऊन गॅलरीत आली. "नाव घाल," पत्रेवाला म्हणाला. तिनं काळा रंग दिला. वाळला की दुसरा हात दिला. पुन्हा पत्रेवाल्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, "अजून ओला आहे." एवढ्या वर्षांत रंग किती वेळात वाळतो हे नवऱ्यालाही पाठ होतं. तो बायकोकडे बघत राहिला. मुलगी जाणार म्हणून हळवी झालीय असं समजून, तिच्या पाठीवर हात ठेवून खाली गेला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखाना थांबला आणि बापलेक जेवून जरा आडवे झाले. मुंगी गॅलरीत बसून रस्त्यावरची गंमत बघत होती. रंगारीण तिच्या मागे, डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. खांद्यावर हात ठेवला नाही.

"मुंगे," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जाऊ नकोस."

मुंगी खालच्या कुत्र्याकडे बघत होती.

"तू गेलीस तर मला रोज तो खडा ऐकू येईल. तुला येणार नाही गं, मला येईल. आणि इथं राहिलीस तर हा कारखाना तुझा दुसरा कान खाईल. एक आम्ही खाल्लाच. बापानं प्रेस लावला, मी तुला त्याच्या शेजारी बसवलं, उजेड चांगला आहे म्हणून. मला काय करायचं ते कळत नाही. तू जाऊ नकोस आणि राहूही नकोस. असं काही करता आलं तर बघ."

काहीतरी हललं असावं, सावली किंवा फळी. मुंगीनं मागे पाहिलं आणि दचकली.

"आई! तू कधी आलीस? काही बोललीस का?"

"हो."

"काय?"

रंगारणीला वाटलं, अजून वेळ आहे. चहा घेतेस का विचारलं म्हणावं, आणि आत जावं. पण तिच्या डोळ्यांपुढे तंबूत झोपलेले अकरा जण आले. त्यांच्याही आया कडी घट्ट बसते का ते बघून गेल्या असणार. तिनं खाली बसकण मारली आणि मुलीच्या पुढ्यात तोंड करून सगळं सांगितलं.

मुंगी आधी हसली. मग तिनं उजवा कान दाबला आणि म्हणाली, "बोल." रंगारणीनं तोंडापुढे पदर धरला आणि बोलली. मुंगीनं हात काढला. पुन्हा दाबला. "मोठ्यानं बोल." रंगारीण मोठ्यानं बोलली. आतून थोरला झोपेत कुशीवर वळला. मुंगी नुसतीच पदराकडे बघत राहिली.

"मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं," ती म्हणाली. "आपण उजव्या हातानं लिहितो, तसं उजव्या कानानं ऐकतो. डावा नुसता जोडीला."

रंगारणीनं तोंडापुढचा पदर खाली केला.

"तुला कधी कळलं?"

"तपासणीच्या आधी."

"आधी?" मुंगी उठून उभी राहिली. "आणि तू मला जाऊ दिलंस? सगळ्या गल्लीनं चहा प्यायला! आधी सांगितलं असतंस तर मी गेलेच नसते. आणि आता कशाला सांगितलंस? गप्प बसायचं तर शेवटपर्यंत बसायचं! मी पास झालेय, आई. कागदावर मी पास आहे. तू कोणाला सांगणार नाहीस."

"नाही सांगणार."

"बाबांना पण नाही."

"नाही. तू ठरव."

मुंगीला याची अपेक्षा नव्हती. भांडायला तयार झालेलं माणूस समोरचा दार उघडून बाजूला झाला की जसं अडखळतं, तशी ती अडखळली. गॅलरीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली, परत आली. मग फोन उचलला, उजव्या कानाला लावला आणि स्वतःच्या हाताकडे रागानं बघितलं.

"मामा, मी. नाही, काही नाही. एक विचारायचं होतं." तिचा आवाज सरळ होता. "पहाऱ्यावर मी असते, आणि मला डाव्या कानानं ऐकू येत नसतं, आणि तुम्हाला ते माहीत असतं. तर तुम्ही मागे तंबूत झोपला असता का?"

पलीकडून मामा काय म्हणाला ते रंगारणीला ऐकू आलं नाही. नेहमी पत्र्यावर घण घातल्यासारखा येणारा त्याचा आवाज आज फोनच्या बाहेर आलाच नाही. मुंगीनं फोन कानाशी घट्ट दाबला. मग म्हणाली, "हो. खरंच विचारतेय."

मुंगी बिननावाच्या ट्रंकेच्या झाकणावरून बोट फिरवत ऐकत राहिली.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाले." मुंगीनं नाक ओढलं. "म्हणाले, तुझा मामा म्हणून झोपलो असतो, फौजी म्हणून नाही. मग रडायला लागले. मामा, आई! मामा रडत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच निघाली. रंगारीण चपला घालायला लागली तर म्हणाली, "तू नको. तू आलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघेन."

खाली काम सुरू झालं होतं. रंगारीण जिना उतरली आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता तिनं प्रेसचं बटण बंद केलं. पत्रेवाला चमकला. "वीज गेली?"

"नाही. बसा."

त्या शांततेत तिनं त्याला आणि थोरल्याला सांगितलं. पत्रेवाल्यानं मध्येच दोनदा "काय?" विचारलं, आणि दुसऱ्यांदा विचारताना त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं. त्यानं खिडकीजवळच्या त्या जागेकडे पाहिलं. मग हातातला हातोडा जमिनीवर ठेवला. टाकला नाही, ठेवला.

"म्हणजे आपणच," तो म्हणाला.

"आपणच."

थोरल्यानं एका बोटानं आपला डावा कान दाबून बघितला, मग उजवा.

मुंगी दुपार कलल्यावर आली. तिघं जिन्यावरच उभे होते. तिनं कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. "डॉक्टर आधी भडकले," ती म्हणाली. "म्हणाले, माझ्या सहीचं काय? मग कपाटाकडे बघितलं. पुन्हा तपासलं, माझं तोंड भिंतीकडे करून. आता मोठ्या दवाखान्यात पाठवतायत. पडदा फाटला असेल तर शिवता येतो म्हणे. मग पुढच्या भरतीला पुन्हा बसायचं. आतली नस गेली असेल तर नाही."

"कोणतं असेल?" पत्रेवाल्यानं विचारलं.

"मला काय माहीत, बाबा."

आता इतके दिवस पोटात होतं ते निवळेल, असं रंगारणीला वाटलं होतं. निवळलं नाही. नुसती जागा बदलली. पडदा असू दे म्हणावं, तर पुन्हा छावणी, पुन्हा उतार. नस असू दे असं कुठली आई म्हणेल?

मुंगी आत गेली, पाणी प्यायली आणि बूट घालून बाहेर आली.

"आता कुठं?" थोरल्यानं विचारलं.

"धावायला. कान अडकलाय, पाय कुठं नापास झालेत?"

ती जिना उतरून रस्त्याला लागलीसुद्धा. रंगारीण धावत गॅलरीत आली, कठड्यावरून वाकली आणि सगळी गल्ली वर बघेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "डाव्या कडेनं धाव! मुंगे, रस्त्याच्या डाव्या कडेनं! म्हणजे गाड्या उजवीकडून येतील!"

मुंगीनं मागे न बघता हात वर केला. ऐकू आलं म्हणून केला, की आई काहीतरी ओरडत असणार म्हणून केला, हे वरून कळायला मार्ग नव्हता. रंगारीण कठडा धरून उभी राहिली, ती कुठल्या कडेला वळते ते बघत.